तज्ज्ञाची साक्ष व तज्ज्ञाचें इमान
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस असें वाटलें असेल कीं, इंजिनियरानें कोर्टांत साक्ष कशी द्यावी याच्याशीं नांगर धरणाराचा किंवा घण मारणाराचा संबंध काय? इंजिनियर जाणे आणि कोर्ट जाणे. परंतु आम्ही म्हणतों, संबंध आहे व तो फार जवळचा आहे. रस्त्यासाठीं किंवा कालव्यासाठीं आपली जमीन सरकारनें घेतली, तर तींतील विहिरीची किंमत कोणाच्या कागदावरून ठरते? इंजिनियराच्या. कालव्याचें पाणी पाझरून रान खारावलें, तर तें कालव्यामुळें खारावलें कीं जमीन मूळचीच तशी होती, हें कोण सांगतो? इंजिनियर. पूल पडला, भिंत कोसळली, बॉयलर फुटला व घरचा कर्ता माणूस गेला, तर दोष मालाचा, मालकाचा, कीं मेलेल्या मजुराचाच, हें कोणाच्या तोंडून ठरतें? पुन्हां इंजिनियराच्याच. तेव्हां तो माणूस खरें बोलतो कीं पैसे देणाराचें बोलतो, हा प्रश्न आपल्या भाकरीचा आहे व कधीं कधीं आपल्या जिवाचाही आहे.

प्रथम साधा साक्षीदार व तज्ज्ञ साक्षीदार यांतील भेद ध्यानांत घेऊं. साध्या साक्षीदारानें डोळ्यांनीं पाहिलें व कानांनीं ऐकलें तेवढेंच सांगावयाचें. तो "मला असें वाटतें" म्हणाला कीं समोरचा वकील उठून उभा राहतो व म्हणतो, "तुमचें मत नको, काय पाहिलें तें बोला." तज्ज्ञाची गोष्ट निराळी. पूल पडला त्या रात्रीं तो आपल्या घरीं झोंपलेला असला, तरी पूल कशानें पडला याबद्दल तो कोर्टापुढें मत देऊं शकतो. एवढी मोठी मोकळीक कायद्यानें दुसऱ्या कोणा साक्षीदारास सहसा दिलेली नाहीं. आणि मोकळीक जेवढी मोठी, तेवढी जोखीमही मोठी.

ही मोकळीक आली कोठून? इंग्लंडांत नॉर्फोक परगण्यांत वेल्स नांवाचें एक लहान बंदर आहे. तेथील एका जमीनदारानें आपली खार जमीन भरतीच्या पाण्यापासून वांचविण्यासाठीं बांध घातला. पुढें बंदर गाळानें भरूं लागलें. बंदरवाले म्हणूं लागले कीं, हा गाळ बांधामुळें सांचतो, बांध फोडा. प्रकरण कोर्टांत गेलें. जमीनदाराच्या बाजूनें जॉन स्मीटन हा इंजिनियर उभा राहिला. एडिस्टनच्या खडकावरील प्रसिद्ध दीपगृह बांधणारा तोच हा स्मीटन. त्याचें म्हणणें असें कीं, त्या किनाऱ्यावर ज्या बंदरांजवळ बांध नाहीं, तींही गाळानें भरत आहेत; तेव्हां दोष बांधाचा नव्हे. विरुद्ध बाजू म्हणाली, ही पाहिलेली गोष्ट नसून नुसतें मत आहे, तें घेऊं नये. १७८२ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशानें ठरविलें कीं, बंदरें कशानें बनतात व कशानें बिघडतात हें ज्यानें जन्मभर अभ्यासिलें, त्याचें मत अशा कामीं ऐकलेंच पाहिजे.

हेंच तत्त्व पुढें आपल्याकडे आलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत तें ४५ व्या कलमांत होतें. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्यांत तें ३९ व्या कलमांत आहे. आणि त्याच कायद्याचें ४५ वें कलम सांगतें कीं, ज्या वेळीं एखाद्याचें मत पुराव्यांत येतें, त्या वेळीं तें मत ज्या कारणांवर उभें आहे तीं कारणेंही पाहण्याजोगीं आहेत. बंधूंनो, ही दुसरी गोष्ट मनांत पक्की ठेवा. तिचें काम पुढें पडणार आहे.

आतां वेल्स बंदराच्या खटल्यांत एक गोष्ट आपल्या ध्यानांत आली असेल. स्मीटन हा कोर्टानें बोलाविलेला नव्हता. त्याला एका पक्षानें आणलें होतें. म्हणजे तज्ज्ञाची साक्ष जन्मली तीच एका बाजूच्या पैशांवर. येथूनच सारी अडचण सुरू होते. वकील पक्षाचा असतो, परंतु तो पक्षाचा आहे हें सर्वांस ठाऊक असतें. त्याचें बोलणें न्यायाधीश तेवढें वजा करूनच ऐकतो. तज्ज्ञ मात्र शास्त्राचा अंगरखा घालून येतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा जर त्याचा धर्म असेल, तर तो वकिलापेक्षां शतपट घातकी. कारण त्याची टाळी ही टाळी आहे असें कोणास कळतच नाहीं. गणिताच्या आंकड्यांत गुंडाळलेलें खोटें उघडें करण्यास दुसरा गणितीच लागतो, आणि तो आणण्याची ऐपत गरिबास कोठून असणार?

ही गोष्ट नुसत्या उपदेशानें कळावयाची नाहीं, म्हणून एका घडलेल्या प्रकरणाची हकीकत सांगतों. स्कॉटलंडांत डंडी शहराजवळ टे नांवाची नदी समुद्रास मिळते. तेथें पात्र फार रुंद आहे. त्यावर टॉमस बाउच या इंजिनियरानें जवळजवळ दोन मैल लांबीचा आगगाडीचा पूल बांधला. १८७८ सालीं तो सुरू झाला. बाउच यास 'सर' ही पदवी मिळाली. आणि २८ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं, तुफान वारा सुटला असतां, गाडी पुलावर असतांनाच मधले उंच १३ गाळे गाडीसकट नदींत गेले. गाडींतील एकही जीव वांचला नाहीं.

चौकशीसाठीं तिघांचें कोर्ट बसलें: रॉदरी, कर्नल योलंड व बार्लो. त्यांच्यापुढें जे साक्षीदार आले, त्यांची परंपरा पाहण्यासारखी आहे. तिच्यांत मोठे इंजिनियर होते, तसे ओतारी, रंगारी व गवंडीही होते. कारागीर बंधूंनो, येथें कान द्या. पुलाचे उंच खांब बीडाचे होते, व ते नदीकांठीं वर्मिट येथील फौंड्रींत ओतले होते. तेथील ओतारी कोर्टांत आले व त्यांनीं सांगितलें कीं, ओतकामांत पोकळ्या राहत. त्या बुजविण्यास मेण, राळ, लोखंडाचा बारीक कीस व काजळी यांचा लगदा करून भरीत. वरून घांसला कीं तो हुबेहुब लोखंडासारखा दिसे. या लगद्याला ते 'बोमाँट एग' म्हणत. खांब पाहणाऱ्या साहेबाच्या डोळ्यांस जें दिसलें नाहीं, तें ज्याच्या हातांनीं घडलें होतें त्यानें सांगितलें. पूल रंगविणारे रंगारी आले. गाडी जातांना पूल कसा हादरे तें त्यांनीं सांगितलें. ही साक्ष म्हणजे मत नव्हे, पाहिलेली गोष्ट होय. परंतु अशा गोष्टींवांचून कोणत्याही तज्ज्ञाचें मत उभें राहूं शकत नाहीं. पाया कारागिराचा, कळस इंजिनियराचा, असा हा मामला आहे.

पुलाच्या देखरेखीसाठीं नेमलेला हेन्री नोबल हा धंद्यानें गवंडी होता. लोखंडी कामाचा आपणांस अनुभव नाहीं हें त्यानें कोर्टांत सरळ कबूल केलें. खांबांना एकमेकांशीं जखडणाऱ्या तिरकस पट्ट्या ढिल्या होऊन खडखडूं लागल्या, तेव्हां त्यानें फटींत लोखंडाचे तुकडे बसविले. आम्ही त्या बिचाऱ्या गवंड्यास हंसत नाहीं. ज्यांनीं बिडाच्या व लोखंडाच्या पुलावर दगडविटांचा माणूस नेमला, त्यांस विचारावयाचें तें विचारावें. नोबलानें आपल्या ज्ञानाची हद्द कोठें संपते हें लपविलें नाहीं, आणि तज्ज्ञाच्या अंगीं जो पहिला गुण पाहिजे तो हाच होय.

आतां मोठ्या माणसांकडे वळूं. हेन्री लॉ या इंजिनियरास चौकशीच्या कामीं पडलेला पूल तपासण्यास लाविलें होतें. त्यानें नुसता नकाशा पाहिला नाहीं. मोडके तुकडे पाहिले. पट्ट्या ज्या ठिकाणीं खांबांस अडकविल्या होत्या, तेथें खांबाबरोबरच ओतलेले कान होते व त्या कानांत बोल्टासाठीं भोंकें होतीं. हीं भोंकें गिरमिटानें सरळ पाडलेलीं नसून ओततांनाच ठेविलेलीं, म्हणून निमुळतीं झालेलीं होतीं. त्यामुळें बोल्ट भोंकांत सर्व अंगानें टेकत नसे, एका कडेसच टेके. डेव्हिड कर्कल्डी यानें असे कान आपल्या यंत्रांत ताणून तोडून पाहिले. जेवढा भार ते सोसतील अशी अपेक्षा होती, त्याच्या सुमारें एकतृतीयांश भारालाच ते तुटले. पाहा, याला म्हणावें पुरावा! "हे कान कच्चे असावे असें माझें मत आहे" असें म्हणणें निराळें, व "हा कान इतक्या टनांस तुटला, हे त्याचे तुकडे" असें म्हणणें निराळें.

वाऱ्याचा प्रश्न निघाला तेव्हां बाउच यास विचारलें कीं, वाऱ्याच्या दाबासाठीं काय जास्त तजवीज केली होती? त्यानें खास अशी कांहीं केली नव्हती. राजज्योतिषी सर जॉर्ज एअरी याचें एक मत त्याच्याजवळ होतें कीं, पुलाच्या सबंध लांबीवर चौरस फुटास १० पौंडांपेक्षां जास्त दाब धरण्याचें कारण नाहीं. परंतु तें मत १८७३ सालीं दुसऱ्याच नदीवरील, म्हणजे फोर्थ नदीवरील एका पुलाच्या आराखड्याबद्दल दिलेलें होतें. एका ठिकाणासाठीं दिलेलें मत दुसऱ्या ठिकाणीं नेऊन टेकूं पाहणें किती धोक्याचें, तें यावरून दिसतें. एका विहिरीचा झरा पाहून दुसऱ्या विहिरीचें पाणी सांगण्यासारखेंच तें आहे.

बाउचच्या बाजूनें बेंजामिन बेकर हा हुशार इंजिनियर उभा होता. त्याचें म्हणणें कीं, त्या रात्रीं वाऱ्याचा दाब लोक समजतात तेवढा नसावा. आणि त्यासाठीं त्यानें आसपासच्या कोणत्या वस्तु शाबूत राहिल्या त्या पाहून हिशेब मांडला. त्याचें म्हणणें कोर्टास पटलें नाहीं, तरी म्हणून तो खोटा ठरत नाहीं. त्यानें आपला हिशेब उघड्यावर मांडला, म्हणून दुसऱ्यास तो तपासतां आला. पुढें फोर्थ नदीवर मोठा पूल बांधण्याचें काम त्याच्याकडे आलें, तेव्हां त्यानें नदींतील बेटावर वारा मोजण्याच्या फळ्या उभारल्या, व सरकारनें घालून दिलेला चौरस फुटास ५६ पौंडांचा दाब धरून पूल केला. तो १८९० सालीं सुरू झाला व अद्याप उभा आहे. यावरून एक शिकावें: दोन तज्ज्ञांचीं मतें भिन्न पडलीं म्हणजे त्यांतील एक लबाड असलाच पाहिजे असें नाहीं. मतभेद हा गुन्हा नव्हे. कारण झांकणें हा गुन्हा होय.

शेवटीं चौकशींत सांगितलें गेलें कीं, पुलाची योजना वाईट, बांधणी वाईट व देखरेखही वाईट होती. बाउचवर दोष स्पष्ट शब्दांनीं ठेवावा कीं नाहीं, याबद्दल मात्र रॉदरी यानें निराळा अहवाल लिहिला व दोष ठेविला. चौकशींतही मतभेद लपविला नाहीं, हें लक्षांत घ्या. बाउच १८८० सालींच वारला.

मग इमानी तज्ज्ञ ओळखावा कसा? याचें उत्तर इंग्लंडच्या कोर्टानें १९९३ सालीं मोठ्या स्पष्टपणें दिलें. 'इकेरियन रीफर' नांवाचें जहाज किनाऱ्यास लागून जळालें. मालक विम्याचे पैसे मागूं लागले, व विमेवाले म्हणाले कीं, तुम्हींच तें मुद्दाम घालविलें. खटल्यांत तज्ज्ञांची गर्दी झाली, तेव्हां न्यायमूर्ति क्रेसवेल यांनीं तज्ज्ञाचीं कर्तव्यें सांगितलीं. पुढें अपिलांत खटल्याचा निकाल फिरला, परंतु हीं कर्तव्यें कायम राहिलीं. तीं आम्ही आमच्या भाषेंत सांगतों.

पहिलें, मत तज्ज्ञाचें स्वतःचें असावें. दाव्याच्या सोयीसाठीं कापूनबेतून घेतलेलें नसावें. दुसरें, कोणत्या गोष्टी धरून मत दिलें तें त्यानें सांगावें, व आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दडवूं नये. तिसरें, जो प्रश्न आपल्या विद्येबाहेरचा असेल, तेथें "हा माझा प्रांत नव्हे" असें म्हणावें. चौथें, तपासास पुरेशी सामग्री मिळाली नसेल तर "हें मत तात्पुरतें आहे" असें लिहावें. पांचवें, मागाहून मत बदललें तर तें समोरच्या पक्षास व कोर्टासही कळवावें. १९९९ पासून तर तेथील दिवाणी नियमांतच लिहिलें आहे कीं, तज्ज्ञाचें कर्तव्य कोर्टाशीं. पैसे देणाराशीं असलेल्या नात्यापेक्षां तें मोठें. आणि २०११ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, निष्काळजीपणानें काम करणाऱ्या तज्ज्ञावर त्यास नेमणारा पक्ष नुकसानीचा दावाही करूं शकतो.

येथें मेहनतान्याचा प्रश्न येतो. तज्ज्ञानें पैसे घेऊं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. सुतार पैसे घेतो, वैद्य घेतो, मग इंजिनियरानें कां घेऊं नयेत? परंतु पैसे वेळेचे व श्रमाचे असावेत, मताचे नसावेत. "दावा जिंकलास तर मिळालेल्या रकमेंत माझा इतका वांटा" असा करार ज्यानें केला, तो साक्षीदार राहिला नाहीं, तो दाव्यांतला भागीदार झाला. वजन करणाराच जर मालाचा भागीदार असेल, तर तराजू सरळ राहील असें कोण म्हणेल?

आतां आपल्या घरचें पाहूं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणें जमिनीवरील इमारत वगैरेंची किंमत ठरविण्यास कलेक्टर लायक इंजिनियराची मदत घेऊं शकतो. झाडांसाठीं व पिकांसाठीं त्या त्या कामांतील अनुभवी माणसांची. दिवाणी दाव्यांत जागेवर जाऊन तपास करण्यास कोर्ट कमिशनर नेमूं शकतें, त्याचा अहवाल पुराव्यांत येतो, व कोर्टाच्या परवानगीनें त्यास उभें करून प्रश्न विचारतां येतात. आणि तज्ज्ञाचें मत न्यायाधीशास बांधून टाकीत नाहीं; तें सल्ल्यासारखें आहे, कारणें पटलीं तर घ्यावयाचें.

म्हणून आपण काय करावें? साहेब पाहणीस येईल तेव्हां घरीं बसूं नका, बांधावर हजर राहा. विहिरीची खोली दोर सोडून मोजली कीं काठावर उभें राहून अंदाजानें लिहिली, हें पाहा व आपल्या वहींत तारखेसह टिपून ठेवा. अहवालाची नक्कल मागा. आपल्या वकिलास सांगा कीं, उलटतपासांत पुढील चार प्रश्न जरूर विचारा: आपण जागेवर कधीं गेलां? काय मोजलें व कशानें मोजलें? कोणती गोष्ट गृहीत धरली? आणि याच पक्षासाठीं यापूर्वीं किती वेळां साक्ष दिली? इमानी तज्ज्ञाला हे प्रश्न बोंचत नाहींत. त्यांची उत्तरें त्याच्या खिशांतच असतात. जो चिडतो, त्याच्या कागदांत कांहीं तरी पोकळी भरलेली आहे असें समजावें.

बंधूंनो, पोथी वाचणाराचें म्हणणें कारण न विचारतां मानल्यानें आपल्या वाडवडिलांचें काय झालें, हें आम्ही नव्यानें सांगावयास नको. ती पोथी गेली व नकाशा आला. परंतु कारण न विचारण्याची खोड जर तीच राहिली, तर फरक एवढाच कीं, नागविणाराच्या हातांत पळीपंचपात्राऐवजीं मोजपट्टी आली. नकाशा वाचणारा आपला असो कीं परका, त्याला कारण विचारा.

परंतु एक कडू गोष्टही बोललीच पाहिजे. तज्ज्ञाला बिघडविणारे सदा श्रीमंतच असतात असें नाहीं. समजा, विहीर ४० फूट खोल आहे. आपणच इंजिनियरास म्हणतों, "रावसाहेब, ६० फूट लिहा कीं! सरकारचेंच पैसे आहेत, तुमच्या पदरचें काय जातें?" तो लिहितो. समोरचा वकील कोर्टांत दोर सोडावयास लावतो. मग ६० चे ४० होऊन थांबत नाहीं. त्या कागदांतील पाइपलाइन, ताल, घर या सर्वांवरचा न्यायाधीशाचा विश्वास उडतो, व जें खरें होतें तेंही बुडतें. एवढेंच नव्हे, तर पुढच्या शेतकऱ्याची खरी ४० फूट विहीरही कोर्टास संशयाची वाटूं लागते. खोट्या साक्षीची किंमत जिंकणारा देत नाहीं. ती पुढचा गरीब देतो.

आज आपल्या घरांतील मुलें व मुलीही इंजिनियर होत आहेत. बापानें बैल विकून, आईनें डाग मोडून त्यांस शिकविलें आहे. उद्यां तीं साक्षीच्या पिंजऱ्यांत उभीं राहतील. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, मत देण्यापूर्वीं स्वतःस एक प्रश्न विचारा: समोरच्या पक्षानें मला नेमलें असतें, तर मी हेंच मत दिलें असतें काय? उत्तर "होय" असेल तर निर्भयपणें बोला. उत्तर "नाहीं" असेल तर तें मत तुमचें नव्हे, तें पैशांचें आहे; तो कागद फाडून टाका व फी परत करा. आपल्या गांवचा माणूस समोर उभा असला तरी त्याच्यासाठीं फूट वाढवूं नका. आणि मोठा ठेकेदार समोर असला तरी त्याच्यासाठीं फूट कमीही करूं नका. गरिबाला आपल्या बाजूनें खोटें बोलणारा तज्ज्ञ नको आहे. दोन्ही बाजूंस खरें बोलणारा तज्ज्ञ मिळाला तर गरिबाचें काम होतें, कारण खरें बहुधा त्याच्याच बाजूचें असतें.

वर्मिटच्या ओताऱ्यांनीं आपल्या धंद्यांतील लबाडी आपल्या तोंडानें सांगितली. जीं माणसें नदींत गेलीं तीं परत आलीं नाहींत, परंतु त्यानंतर पूल बांधणारांस वाऱ्याचा हिशेब करणें भाग पडलें. ज्या ओताऱ्यांस पदवी नव्हती त्यांना जें साधलें, तें पदवीधरांस साधूं नये काय?